नाकातली वायर

आमच्याकडे प्रत्येक गाडीच्या नाकातून एक वायर लोंबते.
परगावचा माणूस थबकतो, विचारतो, हे काय?
उणे अडतीसला इंजिनातलं तेल डांबर होतं, बाबा,
म्हणून रात्री गाडी भिंतीला टोचून ठेवायची.
माझ्या वडिलांनी टोचली. मीही वीस वर्षं टोचली.
सगळ्या पेट्रोलच्या.
आणि आता हेच सस्कॅचेवान मला विचारतं,
"रोज रात्री प्लगला लावायची? काय ही कटकट!"

मी घरोघर फिरणारी नर्स.
सात रुग्ण, नव्वद किलोमीटर, मधे फक्त गव्हाचे खुंट आणि बर्फ.
गाडी इलेक्ट्रिक, जुनी घेतलेली,
सीटवर आधीच्या मालकाच्या कुत्र्याचे केस.
थंडीत तिचा पल्ला अर्ध्यावर येतो,
हीटर लावला की आकडा घसरतो,
म्हणून मी टोपी, हातमोजे, मांडीवर घोंगडी
अशी बसते, जणू गाडीलाच ताप आलाय
आणि मी उशाशी जागतेय.

पंपावरून ओरेस्ट हात करतो,
"ढकलायला बोलव गं!"
एकदा बोलावलं.
अकरा किलोमीटर ट्रॅक्टरने ओढत आणली
आणि कुणाकुणाला सांगितलं नाही.
हे इथे लिहून ठेवते.

राजधानीतून पत्र आलं.
तुम्ही पेट्रोल घेत नाही, म्हणून त्यावरचा कर भरत नाही,
म्हणून वर्षाकाठी रस्त्याचे पैसे वेगळे भरा.
बरोबर आहे. रस्ता मीही झिजवते.
फक्त कुठला, ते सांगा.
माझ्या सातांपैकी पाच घरांना नुसती खडी आहे.

चार्जिंग स्टेशन हमरस्त्यावर, एकशे चाळीस किलोमीटर लांब,
एका शहरातून दुसऱ्या शहरात जाणारे तिथे कॉफी पितात.
आपल्याकडे एक हवं, म्हणून सभा भरली.
सहा माणसं, एक केक.
पेरणी झाल्यावर बघू, असं ठरलं.
कुठली पेरणी, ते लिहिलं नाही.

पाचवं घर थेक्लाचं. वय एक्याण्णव.
तिच्या नाकात ऑक्सिजनची नळी,
नळी यंत्राला, यंत्र भिंतीला.
पहिल्या दिवशी तिनेच खिडकीतून गाडी बघितली,
म्हणाली, "लाव की गोठ्यातल्या प्लगला. माझ्यासारखीच आहे ती."
तिला आठवतं, खांब आले तेव्हा ती शाळेत होती.
बापाने सगळ्यांत शेवटी सही केली,
रॉकेल काय वाईट आहे, म्हणाला,
आणि मग रात्री दोनदा उठून
दिवा लावून बघितला, विझवून बघितला.

साधा प्लग. तासाला आठ किलोमीटर भरतात.
तिच्या पायाची जखम धुऊन, बांधून, नाडी बघून होईतो
मला सहावं घर मिळतं.
पैसे घेत नाही. कॅलेंडरवर रेघा मारते.
"एप्रिलमध्ये वसूल करीन."

एप्रिलमध्ये म्हणाली, तळ्यावर ने.
हंस उतरलेत. आमच्या ट्रकने नेहमी उडायचे,
तुझी गाडी मुकी आहे, जवळून बघू दे.
तिला उचलून बसवलं, मांडीवर लहान सिलिंडर.
काचा खाली, हीटर बंद,
शेवटच्या वळणापर्यंत गाडीने हूं की चूं केलं नाही.
पण टायरखालची खडी कुणाचं ऐकते?
कर्रर्र झालं,
आणि अख्खं तळं पांढरं होऊन वर गेलं.

थेक्ला बराच वेळ वर बघत राहिली.
मग म्हणाली, "कर भरलास ना?
लिही त्यांना. म्हणावं, रस्ता करा,
हंस उडतात."

परतताना आकडा एकवीस. माझं घर छत्तीस.
तिने काहीच विचारलं नाही.
मी वायर काढून गोठ्याकडे वळले,
तोवर आत तिने चहाचं आधण ठेवलं होतं,
नळी दारापर्यंत ताणून.